एका गुंड्याची दोन टोकं

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली शोधत ती जिना चढली आणि दारातल्या लोखंडी पेटीवर ठेचकाळली. पेटीत पाने-पकडी, स्क्रू, ग्रीसचा डबा... विणकामाच्या वर्गात हे काय?

"सॉरी हं! पेटी माझी," आतून कुणीतरी म्हणालं. "लिफ्ट दुरुस्त करतो मी. बोलावणं आलं की पळावं लागतं."

बोलणाऱ्याच्या हातात मात्र पाना नव्हता. चार आखूड सुयांवर तो हिरवा पायमोजा विणत होता, आणि तोही न बघता! काळवंडलेली नखं, ही एवढी रुंद बोटं, आणि त्यातून टाक्यामागून टाका कसा अलगद उतरत होता. ती दारातच खिळली.

"बसा ना. की पेटीला काही लागलंय का बघताय?"

"पेटी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "माझ्या अंगठ्याचं बघतेय."

तो हसला, आणि गालाला अशी काही खळी पडली की अंगठ्याची ठणक ती विसरूनच गेली. शेजारची खुर्ची रिकामी होती. निदान तिने तरी तीच बघितली.

आता ही बया इथे आली कशी, तेही सांगायला हवं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांना "गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका" असं बजावायची आणि स्वतः मात्र आयुष्यात एकही कोर्स पुरा केलेला नव्हता. पोहणं सुटलं, चित्रकला सुटली, गिटारला तर धूळ खात वर्षं झाली. थोरला भाऊ तिला 'अर्धी' म्हणूनच हाक मारायचा. आज सकाळी तिने ठणकावून सांगितलं होतं, "संध्याकाळी काहीतरी पुरं करूनच घरी येईन!" भाऊ म्हणाला होता, "निदान त्यांच्या दोन्ही सुया तरी परत देऊन ये."

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. त्यांनी तिला सुया दिल्या आणि टोपलीतली लोकर घ्यायला सांगितलं. टोपली कोपऱ्यात होती, पण दोन खुर्च्यांच्या मधल्या स्टुलावर एका वाडग्यात हिरवा गुंडा होता आणि त्याचं टोक नेमकं तिच्याच बाजूला लोंबत होतं. नवख्यांसाठी ठेवलं असेल, असं समजून तिने ते उचललं. बाईंनी पहिले वीस टाके घालून दिले आणि त्या पलीकडच्या आजींकडे वळल्या.

"सुई आत घाला... धागा वरून घ्या... ओढा... आता सोडा," शेजारून सूचना आली.

"सोडलं तर सुटेल ना सगळं!"

"नाही सुटत. मागचा टाका धरून ठेवतो त्याला."

तिने जीव मुठीत धरून सोडलं. नाही सुटलं! मग दुसरा, तिसरा, एक अख्खी ओळ. अर्ध्या तासात चार बोटं रुंदीचं कापड तिच्या हातात लोंबायला लागलं. ती थक्क झाली. ना शिवण, ना गाठ, ना डिंक. एकच धागा, स्वतःतच अडकत जाणारा, आणि त्याचं चक्क कापड होतंय? तेही तिच्या हातून?

"तोंड मिटा," तो हळूच म्हणाला. "लोकरीचे तंतू जातील."

"आणि तुम्ही आपल्या मोज्याकडे बघा!"

"मला न बघता येतं. म्हणून तर... दुसरीकडे बघतोय."

ती लाजली आणि एक टाका चुकली. मग काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, "तुमची लोकर अशी कुरळी का?"

त्याच्या सुया पहिल्यांदाच थांबल्या. "आईचा स्वेटर उसवलाय. तीन वर्षं झाली तिला जाऊन. उसवलेल्या लोकरीत जुन्या टाक्यांची वळणं राहतात. सोमवारी वडिलांचं ऑपरेशन आहे. ते घाबरलेत, बोलत नाहीत, पण पाय गार पडतात. तिचं काहीतरी जवळ असलं तर..."

तिने मान खाली घातली. आणि तिच्या बोटांतला धागा... तोही कुरळा होता!

तेवढ्यात त्याने धागा ओढला आणि तिच्या हातातल्या सुयांना हिसका बसला. वाडगा रिकामा होता. तो गुंड्याच्या पोटातून लोकर घेत होता, ती बाहेरून. आता त्याच्या मोज्यापासून तिच्या सुईपर्यंत एकच धागा ताणून उभा होता.

"अगं बाई, एकाच गुंड्याला दोघं!" बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

सगळे हसले. तो हसला नाही. जोडीतल्या या दुसऱ्या मोज्याचा पंजा अजून उघडाच होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "पुढे दुसरा रंग लावेन. तुमचं पहिलंवहिलं विणकाम आहे, ते नाही उसवायचं."

तिने आपल्या कापडाकडे बघितलं. वाकडं, एका बाजूला फुगलेलं, पण तिचं. घरी नेऊन भावाच्या नाकासमोर नाचवायचं होतं. मग तिने सुई सर्रकन ओढून काढली.

"विणा," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. मग विणू लागला. त्याचा एक टाका चढे आणि तिचा एक उतरे. ती कापड तळहातावर धरून बसली होती. धागा हलकेच गुदगुल्या करत तिच्या हातून त्याच्या हाती जात होता. इतकं जवळ आपण कधी कुणाच्या बसलो होतो का, असं तिला वाटलं.

पंजा बंद झाला तेव्हा तिच्याकडे दोन ओळी उरल्या होत्या. त्याने धागा कापला आणि त्या दोन ओळींचे टाके एकेक करून तिच्या सुईवर परत चढवून दिले.

"पुन्हा अर्धंच," ती हसायला गेली, पण डोळे भरले.

"मी म्हणेन, माझा मोजा तुम्ही पुरा केलात," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी ती जिना धावतच चढली. दारात पेटी होती. पेटीपलीकडे तो.

"वडील?"

"उठून बसलेत! मोजे काढू देत नाहीत, नर्सशी रोज भांडतात."

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि खुर्चीत बसली. वाडग्यात नवाकोरा निळा गुंडा होता, चांगला नारळाएवढा. त्याची दोन्ही टोकं बाहेर काढून ठेवलेली होती. एक त्याच्या बाजूला, एक तिच्या.

"या वेळी मुद्दाम ठेवलंय," तो वाडग्याकडे बघत म्हणाला. आज त्याला तिच्याकडे न बघता बोलणं जमत नव्हतं, आणि बघूनही जमत नव्हतं. "मला... तू आवडतेस. उचलशील?"

तिने टोक उचलून बोटाला गुंडाळलं.

"पण मला घरी अर्धी म्हणतात हं. हा एवढा मोठा गुंडा माझ्याच्याने संपायचा नाही."

"नको संपवूस," तो म्हणाला. "घाई कुणाला आहे?"

तिने पहिला टाका घातला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट पुरी होऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं.