टाकीतली चिठ्ठी

"हाताला काय लावलंय?"

नोकरीचा पहिला दिवस, आणि एका अनोळखी माणसानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी चुकून भलत्याच दारातून आत शिरले होते. समोर खोलीभर पसरलेली पोलादी टाकी होती आणि तिच्या उघड्या दारातून एक डोकं बाहेर आलं होतं... पांढरी टोपी, पांढरा मास्क आणि मधे दोन भलतेच काळेभोर डोळे.

"क्रीम," मी म्हटलं.

"माझ्या टाकीला चालत नाही. बाहेर!"

"तुमच्या टाकीला नाक आहे?"

"आहे. माझ्यापेक्षा तिखट."

मी पाय आपटत बाहेर आले, हात साबणानं तीनदा धुतले आणि मुकाट्यानं परत गेले. करणार काय! माझं सगळं काम त्या टाकीवरच अडलेलं होतं.

आमचा उपग्रह इतक्या खालून उडणार होता, की तिथं थोडीशी हवा अजून शिल्लक असते. तेवढी हवाही त्याला मागे खेचते आणि तो हळूहळू खाली यायला लागतो. वर टिकायचं तर इंजिन हवं, आणि सोबत नेलेलं इंधन काही जन्मभर पुरत नाही. म्हणून आमची युक्ती अशी, की खेचणारी तीच हवा पुढून गिळायची, विजेनं चेतवायची आणि मागून जोरात फेकायची. गिळायचं काम तोंडाशी बसणाऱ्या, मी बनवत असलेल्या नरसाळ्याचं. ते तपासायला वर अंतराळात कोण जाणार? म्हणून टाकी. पंपांनी तिच्यातली जवळजवळ सगळी हवा उपसायची, मग वर असते तशी विरळ झुळूक आत सोडायची. आत जरासा डिंक, तेल, बोटाचा ठसा राहिला, तरी त्याची वाफ होते आणि सगळं मुसळ केरात.

त्याला सगळे टाकीवालाच म्हणत. तीन महिने आम्ही रोज भांडलो.

"हसताना मास्क नीट लावत जा," एकदा तो म्हणाला.

"का? बाष्प जातं?"

"नाही... म्हणजे हो. बाष्पच." आणि त्याचे कान टोपीखाली लाल झाले.

घरी ताई विचारायची, "आज टाकीवाला काय म्हणाला?"

"ओरडला."

"मग तू गालातल्या गालात हसतेस कशाला?"

ताईपुढे माझं काही लपत नाही.

टाकी शनिवारी दुपारपर्यंतच आमची होती. तोवर इंजिन फक्त गिळलेल्या हवेवर वीस मिनिटं चाललं नाही, तर आमचं काम कायमचं बंद होणार होतं. आणि चाललं, तर मला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, उपग्रह जोडतात तिथं जावं लागणार होतं. म्हणजे टाकीवाला दोन्हीकडून हातचा जाणार! मला हे कळत होतं आणि रडू येत होतं, पण बोलायचं कसं?

शुक्रवारी सकाळी टाकी बंद झाली, पंप घुमू लागले. दाबाचा काटा खाली आला, आला... आणि अडकला.

आमच्या मॅडम मोजणीच्या पडद्यावर वाकल्या. "डिंकाची वाफ आहे. नरसाळ्याची शेवटची कडी कुणी चिकटवली?"

"मी," मी म्हटलं. डिंक कच्चा राहिला असेल? तीन वर्षांची सगळ्यांची मेहनत माझ्या एका कडीपायी...

"मॅडम," मागून आवाज आला. "डिंक तिचा नाही. माझा आहे."

टाकीवाला भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. "मी आत एक वस्तू ठेवलीय. चिकटपट्टीनं चिकटवून. टाकीत चालणारी पिवळी पट्टी संपली होती... घाईत टेबलावरची साधी घेतली."

"तू?" मॅडमचा चष्मा नाकावर घसरला. "आम्हाला टिकली लावून आत येऊ न देणारा तू?"

टाकीत हवा भरून दार उघडेपर्यंत तो माझ्याकडे बघेना. आत मीच शिरले. नरसाळ्याच्या मागे अॅल्युमिनियमच्या कागदाची एक छोटी घडी होती. साधा कागद बाष्प धरतो, म्हणून पठ्ठ्यानं चिठ्ठीसुद्धा धातूवर लिहिली होती! पण शाईनं, जिचीही वाफ होतेच.

'हे वाचत असाल, तर चाचणी झाली आहे आणि तुमचं नरसाळं जिंकलं आहे. आता तुम्ही इकडे येणार नाही. मला ते सहन होणार नाही. मला तुम्ही फार आवडता. चहाला याल का?'

मी दोनदा वाचलं. टाकीत एकटीच होते, म्हणून मनसोक्त लाजले.

"कारण काय लिहू?" बाहेर मॅडम नोंदवही उघडून बसल्या होत्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच लिहिलं, 'परकी वस्तू. काढली.'

"उत्तर...?" तो हळूच म्हणाला.

"टाकी उघडल्यावर."

मी केसातली पिन काढली, स्पिरिटनं पुसली, नव्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर अक्षरं कोरली आणि घडी घालून त्याच्या हातात दिली. "ही आत बांधा. तारेनं. तपासा, पण वाचायचं नाही."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यानं ती घडी उलटसुलट केली, हुंगली आणि स्वतःच्या हातानं आत बांधली. एवढं हुंगून त्याला काय कळणार होतं?

शनिवारी सकाळी काटा सरळ तळाला गेला. बाटलीतल्या वायूवर इंजिन पेटलं. मग मॅडमनी बाटली बंद केली. झोत थरथरला, विझल्यासारखा झाला... माझं नरसाळं झुळूक गिळत होतं, आणि काचेपलीकडे जांभळट गुलाबी उजेड पुन्हा उभा राहिला. वीस मिनिटं. पंचवीस. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. टाकीवाला मात्र उजेडाकडे नाही, त्याच्या कडेला चमकणाऱ्या घडीकडे बघत होता.

"आता टाकीत हवा भरायला अर्धा तास," तो कळवळून म्हणाला.

"घाई करू नका. धूळ उडते, तुम्हीच सांगता!"

त्या अर्ध्या तासात मी जरा बाहेर जाऊन आले. परत आले तेव्हा दार उघडलं होतं आणि तो घडी उलगडत होता.

'येईन. आजही आणि दूर गेले तरी रोज. पण हाताला क्रीम लावूनच येईन. आणि ते "तुम्ही" आता पुरे.'

त्यानं वाचलं. मग हवेत नाक वर केलं. "क्रीम लावलंयस?"

"हो. बाहेर जाऊ?"

"थांब," तो म्हणाला. त्यानं दोन्ही हातमोजे काढले, टाकीवर ठेवले आणि माझा हात हातात घेतला.