आठ पिवळे रेनकोट

बेपी तिओत्सो धाडधाड जिना चढून वर आला, तेव्हा तुल्लिओच्या तोंडात कांद्यात मुरवलेला आख्खा मासा होता. त्यामुळे 'या, बसा' म्हणायचं काम ओर्सोलालाच करावं लागलं.

तशी त्या घरातली सगळीच कामं तिला करावी लागत. ओर्सोला बार्बीनी व्हेनिसमध्ये खासगी गुप्तहेर म्हणून नाव कमावून होती. तुल्लिओ तिचा धाकटा दीर. बोटीवर तिकिटं तपासून तपासून निवृत्त झाल्यापासून तो वहिनीला तपासात मदत करी. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

"बाई, आज संध्याकाळी माझ्या पोराचं, आल्वीझेचं लग्न आहे," बेपी उभ्याउभ्याच म्हणाला, "आणि व्याही मला चोर म्हणतोय! संध्याकाळपर्यंत ओढणी मिळाली नाही तर लग्न मोडलं म्हणून समजा, असं तोंडावर सांगितलं त्यानं."

"कसली ओढणी? आधी बसा. भावजी, त्यांना खुर्ची द्या. मासा नंतर संपवा."

तुल्लिओनं खुर्ची दिली आणि मासाही संपवला.

बेपी किओज्जाचा. तिथल्या धक्क्याला मोठी जहाजं लागतात, आणि त्यांतल्या प्रवाशांना आपल्या लाँचमधून खाडीतून व्हेनिसला आणायचा त्याचा धंदा. काल आलेल्या जहाजावर होणाऱ्या सुनेची आजी होती, थेट ऑस्ट्रेलियातून आलेली. अमाबिले तिचं नाव. नातीनं डोक्यावर घ्यायची लेसची जुनी ओढणी ती हातातल्या पिशवीतून घेऊन आली होती.

"म्हटलं, व्याह्याच्या आईला मी स्वतः आणणार. हौस हो, दुसरं काय! तिच्यासकट आठ जण होते. पाऊस भुरभुरत होता म्हणून जहाजवाल्यांनी सगळ्यांना सारखे पिवळे रेनकोट दिलेले. आठ पिवळे पक्षी बसल्यासारखे दिसत होते!"

"वाटेत कुठे थांबलात?"

"पेलेस्त्रीनाला. तिथल्या बायका दारात बसून उशीवर लेस विणतात ना, ती बघायला. ओल्टमान्स म्हणून एक जर्मन बाई होती, तिला तर किओज्जापासूनच बोट लागली होती. तोंडाला रुमाल लावून बसलेली, चेहरा हिरवागार. तिला जमिनीवर पाय ठेवू द्यावा म्हणून जरा जास्तच थांबलो. सगळे उतरले, कॉफी प्याले, तेवढ्यात मी तिथल्या बायकांना लग्नाचं आणि आजीच्या पिशवीतल्या ओढणीचं कौतुक सांगितलं, मग सगळे परत चढले."

"आजीसुद्धा?"

"छे! आजी जागची हलली नाही. म्हणाली, या बेटावर मी पाय ठेवणार नाही. मला काय, म्हाताऱ्या माणसांचे हट्ट असतात."

ओर्सोलानं मान डोलावली. "पुढे?"

"पुढे खाडीला समुद्र मिळतो तिथे लाटा उसळल्या. दोघा-तिघांनी काठावरून माना बाहेर काढल्या. एक म्हातारा तर आपटलाच असता, पण त्या रुमालवाल्या बाईनं त्याला धरला. व्हेनिसला उतरल्यावर मी डोकी मोजली, रोज मोजतो तशी. आठ निघाले होते, आठ पोचले. मग सगळे पांगले. मी आजीला घेऊन मोठा कालवा ओलांडायच्या तरीच्या होडीकडे निघालो. ती जर्मन बाईही आमच्या मागोमाग आली. होडीत नावाडी आणि आम्ही तिघंच. मी उभा, ती उभी, आजी तेवढी बसलेली. पलीकडे व्याही उभाच होता. त्यानं आजीला घेतलं, पिशवी घेतली. घरी जाऊन पिशवी उघडली तर ओढणी गायब!"

"आणि जाताना? आठांपैकी कोण कसं परत गेलं?"

"त्याची मला काय कल्पना! परत जायची ज्याची त्यानं सोय करायची असते."

"माझं मत सांगू?" तुल्लिओ हात पुसत म्हणाला. "व्याह्यानंच लपवली. त्याला हे लग्नच नको असणार."

"ते तर शेंबड्या पोरालाही दिसतंय," ओर्सोला उठत म्हणाली. "म्हणून तर मला शंका येते. चला, भावजी."

*

व्याह्याचं घर मोठ्या कालव्याच्या पलीकडच्या काठावर होतं. काल आजी गेली त्याच तरीच्या होडीत दोघं चढली. होडीत आधीच एक परदेशी जोडपं उभं राहायच्या बेतात होतं.

"खाली बसा! बसा खाली!" नावाडी ओरडला. जोडपं घाबरून बसलं. मग त्यांच्या शेजारी तुल्लिओही गुडघा धरून टेकला.

"काय रे तुल्लिओ," नावाडी म्हणाला, "कॅमेरा कुठे विसरलास? कुठल्या गावचा पाहुणा म्हणायचा?"

"गुडघा दुखतोय रे माझा."

"माझी आई नव्वदीची आहे. अजून उभी राहते हो!"

ओर्सोला मधोमध निवांत उभी होती. पलीकडचा काठ येईपर्यंत तिनं हसू दाबून धरलं.

*

ऑस्ट्रेलियातून तरुणपणीच व्हेनिसला येऊन राहिलेल्या रेनाटो फोल्लिनचं आरशांचं दुकान होतं आणि त्या आरशांत स्वतःला बघूनच की काय, त्याची मान कायम ताठ असे.

"किओज्जाची माणसं!" तो म्हणाला. "मासे विकता विकता यांना सगळंच विकायची सवय लागते. माझ्या पोरीनं दुसरा मुलगा बघितलाच नाही, नाहीतर..."

"बाबा!" त्याची मुलगी नोएमी आतून ओरडली. तिच्या डोक्याला केस कुरळे करायचे रूळ लावलेले होते. "आल्वीझेच्या वडिलांनी ओढणी घेतली असेल तर मी आरसे खाईन. आणि ऐका, डोक्याला टॉवेल बांधून लग्न करीन, पण आजच करीन!"

"टॉवेल बांधून चर्चमध्ये जाशील, तर मी येणार नाही," रेनाटो म्हणाला. आणि तो खरंच आला नसता, हे पोरीच्या ओठांवरून कळत होतं. तिचे डोळे रडून लाल झाले होते. तुल्लिओला तिची फार दया आली.

"होडीतली ती जर्मन बाई?" ओर्सोलानं विचारलं. "तिची चौकशी केलीत?"

"केली तर! जहाजावर माझ्या ओळखीचा अधिकारी आहे. बाई दुपारीच परतली, खांद्यावर काळी विणलेली शाल, एकदम खुशीत. तिनं स्वतः होऊन खोली दाखवली. काही नाही. राहिला कोण? पिशवीच्या जवळ होता तो बेपी!"

"तुम्हीही होतात," तुल्लिओ म्हणाला.

रेनाटोचा चेहरा असा झाला की तुल्लिओ चटकन भिंतीवरचा फोटो बघायला वळला. अमाबिले आजीच्या लग्नाचा, अॅडलेडमधला. ओढणी जमिनीपर्यंत लोळत होती. फक्त डावा कोपरा आत दुमडून वर ब्रोच लावलेला.

आजी खिडकीशी बसली होती. ऐंशीची, काटक, डोळे कडक.

"सुंदर आहे हो ओढणी," ओर्सोला म्हणाली. "कोपरा दुमडलेला का?"

"आमच्यात तशी पद्धत आहे."

"आमच्यात म्हणजे पेलेस्त्रीनात?"

आजीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "जन्मले तिथे. पण साठ वर्षं तिकडे पाहिलं नाही आणि बघायचंही नाही."

"ओढणी कुणी विणली?"

"आईनं."

"एकट्या आईनं?"

"आईनं म्हटलं ना," आजी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"पिशवी तुम्ही हातातून कधी सोडली?"

"होडीत उतरताना. माझा तोल जात होता, तर त्या जर्मन बाईनं धरली. पलीकडे परत दिली. भली बाई. एक शब्द बोलली नाही, पण मला नीट बसवलं, रेनकोटाच्या आडोशानं पिशवीसुद्धा भिजू दिली नाही."

"पिशवीत आणखी काय होतं?"

"माझे मोत्यांचे डूल. ते आहेत. ओढणीचा निळा कागदसुद्धा आहे, छान घडी घालून ठेवलेला."

"चोरानं घडी घातली?" तुल्लिओ म्हणाला. "आमच्या घरात तर मीसुद्धा घालत नाही!"

ओर्सोला मात्र हसायला लागली होती. तिनं पॅसेजमध्ये जाऊन जहाजाला फोन लावला, कुणाशी तरी दोन मिनिटं बोलली आणि परत येऊन टाळी वाजवली.

"चला, सगळ्यांनी बेपीच्या लाँचमध्ये बसायचं. नोएमी, तू केस कर. लग्न आजच आहे."

*

पाऊस थांबला होता. लाँच शहर मागे टाकून खाडीत शिरली. बेपी सुकाणूवर होता. रेनाटो त्याच्याशी बोलत नव्हता म्हणून दोघंही ओर्सोलाशी फार मोठ्यानं बोलत होते.

"बाई, आता सांगा," बेपी म्हणाला. "कुठे नेताय आम्हाला?"

"कालच्या वाटेनं उलटं. आता असं बघा. ओल्टमान्सबाईंना धक्क्यापासूनच बोट लागली होती. खाडी शांत असताना! मग पेलेस्त्रीनानंतर लाटा उसळल्या, बाकीच्यांचे हाल झाले, तेव्हा या बाईंना काय झालं? काही नाही. उलट त्यांनी दुसऱ्याला सावरलं."

"कॉफीनं बरं वाटलं असेल," तुल्लिओ म्हणाला.

"असेल. पुढे तरीच्या होडीत त्या उभ्या राहिल्या. भावजी, आज सकाळी त्या पाहुण्यांवर नावाडी कसा ओरडला? बाहेरचा माणूस उभा राहिला की तो पडणारच, म्हणून त्याला बसवतात. मग काल नावाडी का ओरडला नाही? कारण ती बाई पाय फाकवून, कशालाही न धरता उभी होती, आपण सगळे राहतो तशी. नावाड्याला वाटलं ही आपल्यातलीच. आणि बेपी, तुम्हाला तर त्यात काही विशेषच वाटलं नाही. होडीत उभंच राहायचं असतं हे तुमच्या अंगात मुरलंय. तिच्याही. तेवढीच एक चूक तिच्याकडून झाली."

बेपीनं कपाळावर हात मारला. "आई गं! ती जर्मन नव्हतीच?"

"जर्मन बाई जर्मनच आहेत. फक्त त्या व्हेनिसला आल्याच नाहीत. मी आत्ता त्यांना फोन केला. म्हणाल्या, परत त्या लाँचमध्ये बसण्यापेक्षा मी मेले असते! पेलेस्त्रीनात एका आजीबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, माशाचा भात खाऊ घातला, थंडी वाजत होती म्हणून स्वतःची काळी शाल दिली. मग किओज्जाची छोटी बोट धरून, डोळे मिटून त्या जहाजावर परतल्या."

"काळी शाल!" रेनाटो म्हणाला. "पण रेनकोट तर पिवळा..."

"रेनकोट आणि रुमाल पेलेस्त्रीनाच्या त्या आजीबाईंनी मागून घेतला. बेपींनी डोकी मोजली, चेहरे नाही मोजले. आठ निघाले, आठ पोचले, पण आठवी बदलली होती."

"पण कोण ती?" तुल्लिओ ओरडला. "आणि कशाला?"

"मोती ठेवून ओढणी घेते, कागदाची घडी घालते, म्हणजे लोभ नव्हे. तिला तीच ओढणी हवी होती. ती तिच्या ओळखीची होती. बेपींच्या तोंडून ओढणीचं ऐकून तिनं दारातून लाँचमध्ये एक बाई बसलेली पाहिली, बेटावर पाय न ठेवणारी. साठ वर्षांनीसुद्धा ओळखली. राहिला तो दुमडलेला कोपरा. मी पेलेस्त्रीनात पुष्कळ ओढण्या पाहिल्या, कोपरा दुमडायची पद्धत कुठेच नाही. माणूस कोपरा कधी दुमडतो? तो दाखवण्यासारखा नसतो तेव्हा. म्हणजे अर्धा राहिलेला असतो तेव्हा. काय आजी?"



"इनेस," आजी म्हणाली. "माझी धाकटी बहीण. आई गेल्यावर ती ओढणी आम्ही दोघींनी पुढे नेली. ठरलं होतं, जिचं लग्न आधी तिनं घ्यायची, पण पुरी झाल्यावर. माझा होणारा नवरा म्हणाला, जहाज उद्या सुटतंय. मी रात्री दोरे कापले आणि ओढणी घेऊन पळाले. ती उठली तेव्हा उशीवर नुसती रिळं लोंबत असतील. तिची पत्रं आली. मी फोडली नाहीत. शरम वाटायची."

"तरी चोरी ती चोरीच!" रेनाटो म्हणाला.

"चोरी मी केली होती, रेनाटो," आजी म्हणाली. "गप्प बस."

 थोड्या वेळानं रेनाटो सुकाणूजवळ गेला आणि घसा खाकरून बेपीला म्हणाला, "लाँच बरी आहे तुमची."

"बरी? उत्तम आहे," बेपी म्हणाला आणि त्यानं व्याह्याला हात दिला.

*

पेलेस्त्रीनाच्या काठावर निळ्या दाराबाहेर एक म्हातारी उशी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या खुंटीवर पिवळा रेनकोट वाळत होता. लाँच धक्क्याला लागली तरी तिनं मान वर केली नाही. लाकडी रिळं खडखड वाजत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "मनात म्हटलं होतं, संध्याकाळी चर्चमध्ये नेऊन देईन. तेवढाही धीर नाही तुला. अजून तशीच."

"काल बोटीत बोलली का नाहीस?" अमाबिलेनं लाँचमधून विचारलं.

"बोलले असते तर रडले असते. मग पिशवीत हात कोण घालणार?"

तुल्लिओला एकदम खोकला आला. तो उगाचच दोरखंड गुंडाळायला लागला.

"इनेस, झाला का गं कोपरा?"

"नाही झाला. रात्रभर बसले. बोटं आखडतात आता." इनेसनं पहिल्यांदा वर पाहिलं. "माझी बाजू झाली. राहिलीय ती तुझी. तुझं तूच कर. लग्नाची पोरगी खोळंबलीय आणि ही बोटीत बसून गप्पा मारतेय!"

कालपासून बेटावर पाय न ठेवणारी अमाबिले आजी उठली. लाँच हलत होती. बेपी हात द्यायला पुढे झाला, पण तिनं तो बाजूला केला. पाय फाकवून, कशालाही न धरता ती क्षणभर उभी राहिली आणि मग सरळ काठावर उतरली.

"बघा!" बेपी ओरडला. "उभी राहिली बघा!"

दोघी एका उशीवर वाकल्या. कोपरा होईपर्यंत इनेसच्या शेजारणीनं बाकीच्यांना माशाचा भात वाढला. तुल्लिओनं दोनदा घेतला. रेनाटोनंही दोनदा घेतला, पण दुसऱ्यांदा कुणी बघत नसताना.

निघताना बेपीनं सवयीनं डोकी मोजली. मग थांबला, पुन्हा मोजली.

"बाई, घोटाळा झाला," तो ओर्सोलाला म्हणाला. "येताना चार आणले होते. आता पाच आहेत."

"या खेपेला चेहरेही बघून घ्या," ओर्सोला म्हणाली.

बेपीनं पाहिलं. मागच्या फळीवर दोन म्हाताऱ्या हात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ती ओढणी होती. तिचे चारही कोपरे उघडे होते.

"बरोबर आहे," बेपी म्हणाला, आणि त्यानं लाँच शहराकडे वळवली.