कडावची खुराडी

एकोणीसशे चव्वेचाळीसचा वैशाख, लढाईचे दिवस. कर्जत स्टेशनच्या मालगुदामाचा पत्रा असा तापला होता, की आत पाऊल टाकताच कानशिलं भाजत. लष्कराच्या गाड्यांना आधी वाट द्यायची म्हणून मालगाडी मागेच अडकली होती आणि कडावच्या सोनाबाईची कोंबड्यांनी भरलेली खुराडी गुदामात पडून होती. एकटी विधवा बाई; चूल पेटायची ती या कोंबड्यांवरच. त्या विकत घेणारा घाटावरच्या लष्करी छावणीचा कंत्राटदार मेलेलं पाखरू घेत नसे.

माल चढवून देणारा हरी मनाने मऊ. हमालांनी खुराडी एकावर एक गच्च रचलेली त्याने पाहिली. वारा खेळायला फटी हव्यात, वर ओलं गोणपाट हवं, हे त्याला कळत होतं. पण तेवढ्यात तारघरातून बोलावणं आलं. गुदामाला कुलूप घालून, सोनाबाईला दारापाशी सावलीत बसवून, आलोच म्हणून तो गेला आणि तिकडेच अडकला.

धावत परतला तेव्हा आतून कलकलाट ऐकू येत नव्हता. सगळी मेली, असंच वाटलं त्याला. त्याने घाईने कुलूप उघडलं.

आत गारवा होता. खुराडी वीतवीत अंतर सोडून मांडलेली. वरची गोणपाटं ठिबकत होती. मातीच्या पसरट परळांत पाणी. कोंबड्या डोळे मिटून निवांत.

हमाल तर केव्हाचे नदीवर गेलेले. चावी हरीच्याच खिशात.

“आत कुणी गेलं होतं का, सोनाबाई?”

“नाय. पन आत कुनीतरी बोलत व्हतं. मला वाटलं, तुमीच मागल्या दारानं आलात.”

गुदामाला मागलं दार नव्हतं.

“काय बोलत होतं?”

बाईने पदर अंगाभोवती ओढून घेतला. “कोंबड्यांची नावं घेत व्हतं. काळुंद्री, तुरेवाली, भोरडी... ती नावं मी घरातच घेते, भाऊ. भाईर कुनाला ठावं नाय.”



गाडी लागली. त्याने स्वतः उभं राहून खुराडी चढवून घेतली, घाटात हलू नयेत म्हणून दोरीने आवळली. एकही पाखरू फडफडलं नाही. डब्याला बाहेरून कडी पडली. आत माणूस नव्हतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

गाडी हलली, तसा आतून आवाज आला. बाईचा, मायेचा. एकेक नाव घेत चाललेला.

शेवटी तो आवाज म्हणाला, “सोने.”

अशा हाकेला ओ द्यायची नसते, म्हणून हरीने चटकन शेजारी उभ्या सोनाबाईचा हात धरला. पण ती ‘ओ’ देऊन बसली होती.

आई गेल्यावर आपल्याला सोने म्हणणारं कुणी उरलं नाही, असं ती पुटपुटली. मग हात सोडवून डब्याच्या बरोबरीने चालू लागली. चेहऱ्यावर भीती नव्हती.

हरी हाका मारत मागे धावला. तिने वळून पाहिलं नाही. डब्याकडे तोंड करून ती एवढंच म्हणाली, “आले गं.”