आठ हंडे आणि एक पोतं कुट्टी

सकाळी साडेनऊ वाजता परळच्या रस्त्यावर ढवळ्या बैल जोखडासकट गुडघ्यांवर बसला.

बारा वर्षांच्या दमयंतीने गाडीतून खाली उडी टाकली. मागोमाग चुलतभाऊ रघु उतरला. धाकटी बहीण गुणवंती तेवढी आत पडून राहिली. तिला सर्दीचा ताप होता.

१८९७ सालचा फेब्रुवारी. प्लेगमुळे शाळांना सुट्टी होती, पण ही सहल नव्हती. ठाण्याला बाबा घोड्यावरून पडले होते. ‘शुद्ध नाही, मुलांना आणा,’ अशी आईची तार काल आली. स्टेशनावर डॉक्टर तापकऱ्यांना उतरवून घेत, म्हणून ज्यांच्याकडे मुलं शिकायला राहत, त्या मनमोहनकाकांनी गिरगावातून पहाटेच बैलगाडी काढली होती.

“बाय, कुट्टीचं पोतं अर्धं सरलं,” गाडीवान धोंडू म्हणाला. “ठाण्यापत्तुर एवढीच वैरण. वाटेवरचे गवतवाले समदे पलाले!”

“मी कुठे मिळते का बघतो,” काकांनी छत्री उघडली. “आणि धोंडू, बैलांना रस्त्यावरच्या हौदाला लावशील तर खबरदार! या दिवसांत परक्या पाण्याचा भरवसा नाही!”

काका वळणाआड गेले. दमयंती वाकून बैलापुढची जमीन बघत होती.

“रघु, हे बघ! कुट्टी खाल्लीच नाही. थुंकलीय!”

“बैल काय पान खातात थुंकायला?”

“चेष्टा पुरे! त्याची जीभ बघ, तिचं लाकूड झालंय. कोरड्या तोंडाने तुला तरी भाकरी गिळवेल का?”

“पहाटेपासून थेंब नाय,” धोंडू खालच्या आवाजात म्हणाला. “काकांचा हुकूम.”

“आणि गाडी एवढी जड कशी? मी तर काडी पैलवान!” रघुने गाडीतल्या गोधड्यांखाली हात घातला. “अगं, पितळ लागतंय!”

फडकी बांधलेले आठ हंडे निघाले. गिरगावच्या घरच्या विहिरीचं पाणी! प्रवासाला एखादी कळशी सगळेच नेत. काकांनी महिन्याची बेगमी केली होती.

“काका फाडून खातील,” रघु म्हणाला.

“खाऊ देत. सोड फडकं!”

प्रत्येक बैलाने दोन-दोन हंडे रिकामे केले. पाचव्याच्या पाण्यात दमयंतीने कुट्टी भिजवली. ती फुगली, वाऱ्यावर उडेनाशी झाली. ढवळ्याने मूठभर खाल्ली, पुन्हा मान पुढे केली.

तेवढ्यात काका रिकाम्या हातांनी परतले.

“माझं महिन्याचं पाणी! कार्ट्यांनो!”

दमयंती पुढे झाली. “काका, महिना पुढे आहे. बाबांना आज भेटायचंय.”

काकांनी छत्री मिटली. मग त्यांनी स्वतःच सहावा हंडा उचलून बैलांपुढे ओतला. “जनावराची तहान मी विसरलो. तुम्ही डोकं चालवलंत पोरांनो. शाब्बास!”

ढवळ्या उठला. गाडीत एकटी गुणवंती. बाकी सगळे पायी. धोंडू थांबून थांबून मूठमूठ ओली कुट्टी देई. साडेअकराला दादर मागे पडलं. पावणेदोनला शीव आलं, तेव्हा पोत्यात पाव भाग शिल्लक होता.

समोरून ठाण्याचा एक टांगा आला. काकांनी तो थांबवून बाबांच्या तळ्याजवळच्या घराची चौकशी केली.

“बाराला निघालो तेव्हा डॉक्टरसायबांची गाडी दारात उभी होती,” टांगेवाला म्हणाला. “ओसरीवर माणसं जमली होती. पुढचं मला ठाऊक नाय.” दमयंतीने ओल्या कुट्टीची मूठ ढवळ्यापुढे धरली आणि गाडी पुन्हा ठाण्याच्या वाटेला लागली.