पाचव्या भागातला गुन्हेगार

"माझं पुस्तक चोरीला गेलंय," शिवकन्या म्हणाली. "म्हणजे पुस्तक घरीच आहे. शेवट तेवढा चोरीला गेला."

धम्मपालनं हातातलं काम थांबवलं. जालना एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या त्या छोट्या कचेरीत बहुतेक बियाणे कंपन्यांची माणसं यायची. बाजारात बनावट पाकिटं कोण खपवतं, हे वंदना शोधून काढायची आणि तिची मोटारसायकल धम्मपाल चालवायचा. कादंबरीचा शेवट चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं.

"सविस्तर सांगा," वंदना म्हणाली.

शिवकन्या राजूरची. चहाची टपरी चालवता चालवता गावातले गुन्हे उकलणाऱ्या कावेरीबाईच्या गोष्टी ती लिहायची. चार भाग आले होते. पहिल्याच भागात कावेरीबाईची टपरी कोणीतरी जाळली, आणि ती कोणी जाळली हे चौथ्या भागापर्यंत कळलं नव्हतं. वाचक पाचव्या भागाची वाट पाहत होते.

"गेल्या आठवड्यात फेसबुकवर वाचकांच्या ग्रुपमध्ये हे आलं," असं म्हणून तिनं फोन पुढे केला.

लिहिणाऱ्यानं 'एक जुना वाचक' असं नाव घेतलं होतं. वंदनानं मजकूर मोठ्यानं वाचला. "'चारही भाग वाचले. टपरी दिनकर कंपाउंडरनं जाळली, टपरीमागच्या जागेसाठी. ज्याला हे कळलं नाही त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचावं. लेखिकेनं पाचव्या भागात पाल्हाळ लावू नये.'"

"दिनकरच आहे," शिवकन्या म्हणाली. "त्याचं नाव वाचलं अन् मला पुढचं काही दिसलंच न्हाई. चार पुस्तकं तो कावेरीबाईचा सगळ्यात जवळचा माणूस. कोणाच्या मनातसुद्धा येऊ नये असा."

"हस्तलिखित कोणाकोणाकडे होतं?"

"प्रियदर्शनीकडं. केदारखेड्याला शिक्षिका आहे, माझी शाळेपासूनची मैत्रीण. माझं सगळं आधी तीच वाचती. मंग कल्याणकडं, त्यानं अक्षरजुळणी केली. अन् एकदा मी पिशवी राजूरच्या वाचनालयात विसरून आल्ते, ती मच्छिंद्रभाऊंनी दुसऱ्या दिवशी परत दिली." तिचा आवाज खाली आला. "मी प्रियदर्शनीला नको नको ते बोलले. कल्याणला छपाई थांबवायला सांगितली. आता लिहिणंच नको वाटून राह्यलंय."

ती गेल्यावर वंदनानं चारही पुस्तकं धम्मपालच्या हातात ठेवली. "वाचून काढ."

"मी? मी शाळा सुटल्यापासून कादंबरी वाचली न्हाई."

"म्हणूनच तुला."

पहिला भाग त्यानं कंटाळत उघडला. दुसरा संपेपर्यंत तो जेवायचा विसरला. तिसऱ्या भागात कावेरीबाईला एक आगाऊ शेळी बक्षीस मिळते आणि ती पहिल्याच दिवशी फौजदाराची टोपी खाते, तिथं तो एकटाच हसत सुटला. चौथा मिटून त्यानं वंदनाला सांगितलं, "दिनकर माणूस चांगला आहे, ताई. टपरीमागची जागा दोन-तीनदा मागतो खरं, पण तेवढ्यावरून आपल्याला कसं कळणार? हस्तलिखित बघितल्याशिवाय हे कोणी लिहू शकत न्हाई."

वंदना फक्त "हं" म्हणाली.

प्रियदर्शनी त्यांना शाळेच्या आवारातच भेटली. तिनं आवाज चढवला नाही, पण डोळे लाल होते.

"शिवकन्येची पहिली गोष्ट मी वहीतून वाचलेली आहे. तिचा शेवट मी कशाला फोडू? मला तर तो वाचून रडू आल्तं. बहिणीच्या हातून झालेली चूक झाकायला माणूस मैत्रिणीची टपरी पेटवतो, अन् मंग जन्मभर तिच्या सावलीसारखा वावरतो. हे फोडायचं असतं का?"

"शिवकन्याताईंना तुम्ही हे सांगितलं?"

"तिनं ऐकूनच घेतलं न्हाई."

जालन्यात परतल्यावर कल्याण संगणकावरून मान न उचलता बोलला. "मॅडम, मी लग्नपत्रिका जुळवतो, पत्रकं जुळवतो. मजकूर डोळ्यांतून जातो, डोक्यात राहत न्हाई. हां, ते शेवटचं बहिणीचं प्रकरण आलं तेव्हा हात थांबला माझा. बायकोलासुद्धा सांगितलं न्हाई."

बाहेर आल्यावर धम्मपाल कुजबुजला, "हाच आहे. डोक्यात राहत न्हाई म्हणतो, अन् हातही थांबतो."

"मोटारसायकल राजूरला घे," वंदना म्हणाली.

गणपतीच्या दर्शनाला आलेल्यांच्या गर्दीतून वाट काढत ते वाचनालयात पोचले. मच्छिंद्रभाऊ साठीचे, काटक, चष्मा कपाळावर. टेबलावर त्यांनी जाडजूड अद्भुतकथांच्या मालिका ओळीनं मांडल्या होत्या. राजे, उडते किल्ले, शापित तलवारी.

"याला म्हणतात मालिका," ते म्हणाले. "बारा भाग. लिहिणाऱ्यानं अख्खी दुनिया उभी केली, नद्यांची नावंसुद्धा स्वतःची. दर रविवारी इथं वाचक जमतात, तेव्हा मी हेच सांगतो. कल्पना पाहिजे. गावातल्या खुनाच्या गोष्टी म्हणजे वेळ घालवायचा धंदा."

"कावेरीबाई वाचली न्हाई तुम्ही?"

"पहिल्याची दहा पानं वाचली अन् ठेवून दिली. काय आहे त्यात? खून झाला की बाई शेळीला पाला टाकत विचार करती, अन् पाला संपला की गुन्हेगार सापडतो. असं असतं का कुठं?"

"शिवकन्याताईंची पिशवी तुमच्याकडं होती."

"होती. बराबर त्या कपाटात ठेवली, सकाळी दिली. दुसऱ्याच्या पिशवीत मी हात घालत न्हाई." एवढं बोलताना मात्र त्यांचा आवाज करडा झाला.

"मला पटलं," वंदना म्हणाली. "रविवारी आम्ही येऊ. शिवकन्याताई अन् प्रियदर्शनीताईंनाही बोलावते."

रविवारी सकाळी वाचक जमण्याआधी पाचजण त्या टेबलाभोवती बसले. दोघी मैत्रिणी दोन टोकांना. धम्मपालला राहवलं नाही. "ताई, कल्याणला बोलावलं न्हाई?"

"त्याची गरज न्हाई. शेवट कोणी चोरलाच न्हाई."

शिवकन्या ताठ झाली. "मंग दिनकरचं नाव? त्याच्यापायी मी छपाई थांबवली."

"त्या मजकुरात दिनकरनं टपरी कशासाठी जाळली, असं लिहिलंय?"

शिवकन्येनं फोन काढला. वाचता वाचता ती थांबली. "जागेसाठी." ती पुटपुटली. "पण जागेसाठी न्हाईच. बहिणीसाठी."

"तुमचं हस्तलिखित वाचलेल्या दोघांच्याही मनात ती बहीणच राहिली होती. प्रियदर्शनीताईंना रडू आलं, कल्याणचा हात थांबला. तो शेवट वाचलेला माणूस बहीण विसरून जागा लिहील, हे होणार न्हाई."

"मुद्दाम चुकीचं लिहिलं असलं तर? संशय येऊ नये म्हणून?" धम्मपालनं विचारलं.

"ज्याला लपायचं आहे तो गुन्हेगाराचं खरं नाव लिहीत न्हाई. ज्याला पुस्तक पाडायचं आहे तो खरं कारण लिहितो. नाव बरोबर अन् कारण चूक, हे कोण करतं? जो स्वतः विचार करून तिथवर पोचला तो. जागेचं कारण चार भागांत आहे, तूच मला सांगितलंस. बहिणीची चूक फक्त पाचव्यात आहे. हे लिहिणाऱ्यानं चारच भाग वाचले, पण फार बारकाईनं वाचले."

"मंग तो कोण?"

"शेळी कितव्या भागात येते, धम्मपाल?"

"तिसऱ्या. फौजदाराची टोपी..." तो मध्येच थांबला आणि हळूहळू मच्छिंद्रभाऊंकडे वळला.

"पहिल्या भागाची दहा पानं वाचलेल्या माणसाला शेळी माहीत नसते," वंदना म्हणाली.

मच्छिंद्रभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत कपाळावर ठेवला.

"चारही वाचले," ते म्हणाले. "चौथा दोनदा. इतकी वर्षं सगळ्यांसमोर अशा गोष्टींना नावं ठेवली. आता कोणत्या तोंडानं सांगणार होतो की कावेरीबाईनं मला धरून ठेवलंय? म्हणून नाव बदलून लिहिलं. माझा अंदाज होता, पोरी, निव्वळ अंदाज. बरोबर निघंल असं वाटलं नव्हतं. तू छपाई थांबवली, हे मला आत्ता कळून राह्यलंय."

"अन् पिशवी रात्रभर तुमच्याजवळ होती," शिवकन्या हळू म्हणाली.

"होती. लई मन झालं. पण उघडली असती तर मजाच गेली असती."

शिवकन्येनं हातातला फोन टेबलावर ठेवला. चार पुस्तकांत तिनं खुणा पेरल्या होत्या. त्या कोणी शोधतं का, हे तिला कधी कळलं नव्हतं. एकानं शोधल्या होत्या आणि त्यालाच ती चोर समजली होती.

ती उठली आणि टेबलाला वळसा घालून प्रियदर्शनीजवळ गेली. "प्रिया, मी तुला विचारायला पाहिजे होतं. विचारलं न्हाई, नुसतं बोलले. चुकलं माझं."

"लई लागलं मला," प्रियदर्शनी म्हणाली. मग तिनं शेजारची खुर्ची ओढली. "बस. सगळं आजच मिटणार न्हाई. पण बस."

शिवकन्या बसली. तिथूनच तिनं कल्याणला फोन लावला आणि छपाई चालू करायला सांगितली.

बाहेर पायऱ्यांवर रविवारचे वाचक चपला काढू लागले होते. धम्मपालनं मच्छिंद्रभाऊंसमोरचा उडत्या किल्ल्याचा पहिला भाग उचलून पानं चाळली. "हे नेऊ का मी?"

"ने," मच्छिंद्रभाऊ म्हणाले, पण त्यांचं लक्ष शिवकन्येकडे होतं. ते थोडे पुढे झुकले. "बहिणीची नेमकी काय चूक झाल्ती गं?"

शिवकन्या कितीतरी दिवसांनी हसली. "वाचा की, भाऊ. पुढच्या महिन्यात येतंय."