टाळू भरताना

धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी कुकरच्या आधी तेलाची वाटी कोमट होते. माझ्या लेकीची, सोनूची टाळू भरायची असते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मधोमध मऊ जागा असते, तिथे नाडी उडताना दिसते. मी बघतच राहायचे.

माझ्या सासूबाई, प्रेमलाबाई, काहीच बघत नसत. सासरे गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. गोळ्या बदलून झाल्या. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. रक्त नीट पोचत नाही, म्हणून उदासी हटत नाही, म्हणाले. रक्तदाब सांभाळा, आणि पूर्वी छान जमायचं असं एक काम त्यांना रोज द्या.

माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. हिंजवडीला रुजू झाले नसते तर नोकरी जाणार होती. सासूबाईंनी एके काळी नात्यातल्या सगळ्या बाळांची टाळू भरलेली. मी वाटी त्यांच्या हातात दिली.

आधी पडल्यापडल्याच तेल लावायच्या. मग त्या उठून बसू लागल्या. स्वतःची वेणी घातली, माझ्या आमटीला नावं ठेवली. माझ्या नवऱ्याचे, अनिरुद्धचे डोळे भरून आले.

सोनूनं रडणं सोडलं. भुकेलाही रडेना. छातीशी धरलं तरी ओढेना, मला पान्हा फुटेना. वरचं दूध सुरू केलं. बाळाचे डॉक्टर म्हणाले, वजन ठीक आहे, शांत मूल मिळालंय, नशीबवान आहात. खुळखुळा वाजवला तरी तिची नजर भिंतीवर.

"आई, आजपासून मी भरते," मी एकदा म्हटलं.

"तू कंपनीचं बघ," सासूबाई वाटी न सोडता म्हणाल्या. "का, भिंतीकडे पडलेली होते तीच बरी होते तुला?"

अनिरुद्ध हसला.

त्या हात धुवायला गेल्या तेव्हा मी सोनूच्या डोक्यावर बोटं ठेवली. कडक हाड लागलं. ती श्वास घेत होती. टाळूवर काही उडत नव्हतं.

"लवकर भरली," अनिरुद्ध म्हणाला. "आईचा हातच तसा."

सासूबाई येऊन माझ्यासमोर पाठमोऱ्या बसल्या. उरलेलं तेल माझ्या डोक्याला लाव, म्हणाल्या.

मी पांढऱ्या केसांत बोटं घातली.

मधोमध हाड नव्हतं.

मऊ कातडीखाली नाडी उडत होती. भराभर, ओळखीची.

"हळू गं," त्या म्हणाल्या.

आणि कितीतरी दिवसांनी मला पान्हा फुटला.