सगळ्यांना गेलेलं उत्तर

ऑफिसची लिफ्ट बंद होती, म्हणून ती जिन्यानेच चढत होती. मधल्या वळणावर बगलेत नकाशांची गुंडाळी धरून एक उंच तरुण उभा होता. बुटांवर सिमेंट, पण डोळे हसरे.

"दमलात?" तिने विचारलं.

"दमलो नाही, घाबरलोय. वर एक नकाशावाली आहे… तिच्या तोंडी लागायचंय."

नकाशावाली तीच होती. सकाळी साइटवरच्या इंजिनिअरचा मेल आला होता – 'जिना चुकलाय. बदला.' बस, एवढंच. तिचं डोकंच फिरलं. 'नकाशा वाचता येत नसेल तर सांगा, शिकवायला माणूस पाठवते,' असं तिने ठोकून दिलं; आणि रागाच्या भरात ते उत्तर गेलं सगळ्यांना – तिच्या ऑफिसच्या मुख्य बाईंना, त्याच्या साहेबांना, खुद्द घरमालकालाही.

"ती… मीच," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. "मेलमध्ये तुम्ही बऱ्याच उंच वाटता."

वर त्याने नकाशा उलगडला. तुळई इतकी खाली होती की जिना चढणाऱ्याचं डोकं आपटलंच असतं. चूक तिचीच होती.

"मग हे नीट का नाही लिहिलंत?"

"परांचीवर उभा होतो, एका अंगठ्याने लिहिलं. दोन ओळी जास्त लिहायला हव्या होत्या… चुकलंच माझं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. "मालकांना नकाशा न कळणारा इंजिनिअर नकोय. माझ्या जागी दुसरा येतोय."

ती संगणकापाशी बसली. आधी 'गैरसमज झाला' असं लिहिलं. वाचलं… आणि खोडलं. मग सरळ लिहिलं – 'जिन्याची चूक माझी आहे. ती इंजिनिअरनी वेळेवर दाखवली. मी सगळ्यांसमोर त्यांचा अपमान केला, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते.'

"तुमच्या नोकरीवर बेतेल," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसा."

तिने मेल पाठवला. मग नुसती वाट बघणं. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते… आणि बघतही होते.

शेवटी बाई दारात आल्या. "नवा नकाशा आजच हवा. आणि पुढच्या वेळी राग आला की आधी पाणी प्यायचं." पाठोपाठ त्याचा फोन वाजला – तो कामावर राहणार होता. "येतो," म्हणून तो गेला, आणि खोली एकदम रिकामी वाटायला लागली.

थोड्या वेळाने मेल आला. विषय होता – 'जिना सोडून'.

'हे बसून, विचार करून लिहितोय. मघाशी नोकरी जाण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती ती तुम्ही पुन्हा भेटणार नाही याची. भेटाल का? नाही म्हणालात तरी जिना नीटच बांधीन.'

तिने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं – 'भेटेन. पण बोलायला लागले की मी थांबत नाही.'

उत्तर येईना. फार आगाऊपणा झाला का…? तिचा जीव टांगणीला लागला.

जिन्यावर धावती पावलं वाजली. तो दारात, धापा टाकत. "खाली पायरीवर लिहायलाच बसलो होतो, पण… हे समोर येऊन सांगावंसं वाटलं. मला ऐकायला आवडतं."

"मग बसा," शेजारची खुर्ची ओढत ती म्हणाली. "नकाशा होईपर्यंत ऐका."